लिंबाजीनानांचा हात

लिंबाजीनानांच्या दुकानात आणि माझ्या दुकानात एकच भिंत होती, आणि तीही एका विटेची. माझं दुकान वह्या-पुस्तकांचं, त्यांचं दाढी-कटिंगचं. इकडे मी गिऱ्हाइकाला वह्या मोजून देत असलो तरी माझा एक कान कायम पलीकडे असायचा. गेवराईत रात्रीतून काय झालं, कोणाच्या शेतात बिबट्या दिसला, नदीवर वाळूच्या किती गाड्या पकडल्या आणि त्यातल्या किती परत सुटल्या, हे सगळं मला सकाळचा पहिला चहा यायच्या आत कळलेलं असायचं. पेपर मी घ्यायचो, पण तो पुस्तकांना कव्हरं घालायच्या कामी यायचा.

नाना मूळचे उमापूरचे. तिकडं न्हाव्याला वारीक म्हणतात. वडिलांच्या मागं हत्यारांची धोकटी घेऊन घरोघर फिरत ते हा धंदा शिकले आणि लग्नानंतर गेवराईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत येऊन बसले. दोन खुर्च्या, दोन आरसे, एक बाकडं आणि खिळ्याला टांगलेला वस्तरा परजायचा कातडी पट्टा. अंगानं ठेंगणे. शर्ट पांढरा आणि इस्त्रीचाच. डोक्यावर मात्र असे दाट रुपेरी केस की आलेलं गिऱ्हाईक आरशात आधी त्यांच्याकडे बघायचं आणि मग स्वतःकडे. त्या केसांचा त्यांना अभिमान होता. गेवराईतल्या कुठल्याही कारागिराला त्यांनी आपल्या डोक्याला कधी हात लावू दिला नाही. आधी महिन्यातून एकदा उमापूरला चुलतभावाकडे जायचे आणि पुढं मुलगा तयार झाल्यावर फक्त मुलाकडून कापून घ्यायचे.

त्यांचं बोलणं अखंड चालायचं. पण त्या बोलण्याला एक कुंपण होतं. बाकड्यावर बसून कोणी काही बोललं तर ते संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात. तेच खुर्चीवर मान खाली घालून कोणी बोललं, तर नाना त्याला इतक्या हळू आवाजात बोलायला लावायचे की भिंतीपलीकडे मलाही नीट ऐकू येणार नाही. मी एकदा विचारलं, "नाना, तो पलीकडचा मास्तर काल इतका वेळ काय बोलत होता हो?"

"केस वाढले होते म्हणत होता," नाना म्हणाले. "झाडून टाकले."

निवडणुकीच्या तोंडावरची एक गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगायचे, आणि मी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे. एकाच गावचे दोन मोठे शेतकरी, दोघंही पुढारी. एकाला सगळे आबासाहेब म्हणायचे, दुसऱ्याला अण्णा. दोघांचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. फॉर्म भरायच्या दिवशी दोघंही दाढीला आले, आणि आले तेही पाठोपाठ. बाहेर दोघांची माणसं बाह्या सरसावून उभी. आधी कोणाची करायची, यावरून गल्लीत डोकी फुटायची वेळ आली होती. नानांनी दोघांनाही बसवलं, दोघांच्या गळ्याला कापड बांधलं आणि दोघांच्याही तोंडाला साबण लावला. मग आबासाहेबांचा डावा गाल केला, वस्तरा पुसला, आणि सरळ अण्णांच्या उजव्या गालाला लावला. मग पुन्हा इकडं.

"लिंब्या, हे काय लावलंस बे?" अण्णांनी विचारलं.

"मालक, हलू नका. तुमचं बी अर्धं झालंय, त्यांचं बी अर्धं झालंय. आता कोणालाच उठून जाता यायचं न्हाई."

दोघांनी आरशात एकमेकांची अर्धी साबण फासलेली तोंडं पाहिली. आधी अण्णा हसले. मग आबासाहेबांनी विचारलं, "तुमच्या रानात पाऊस कसा हाय?" गावात पुढं भांडणं झाली ती झालीच, पण त्या दिवशी गल्लीतून दोन्ही जिपा शांतपणे गेल्या. तुम्ही मत कोणाला देणार, असं मी नंतर विचारलं तर नाना म्हणाले, "वस्तऱ्याखाली ज्याची मान हलत न्हाई त्याला."

असा बोलका माणूस आणि मुलगा मात्र मुका म्हणावा इतका गप्प. संतोष त्याचं नाव. एकुलता एक. लहानपणी शाळा सुटली की माझ्या दुकानात येऊन कोपऱ्यात बसायचा आणि नव्या पुस्तकांची चित्रं बघायचा. एक शब्द नाही. बारावीनंतर बापाच्या हाताखाली आला. हात बापापेक्षा सफाईदार, पण गिऱ्हाईक उठून जाईपर्यंत तो "डोकं वर करा" आणि "झालं" एवढंच बोलायचा. गिऱ्हाइकं नानांच्या खुर्चीसाठी थांबून राहायची. शेवटी तो पुण्याला एका मोठ्या सलूनमध्ये लागला.

नाना एकदा त्याला भेटायला जाऊन आले आणि आल्या आल्या माझ्याकडे येऊन बसले.

"भाऊ, तिथं कोणीच बोलत न्हाई. गिऱ्हाईक कानात ती बोंडं घालून बसतंय. आपला पोरगा मशीन फिरवतोय. दोघंबी खूश. मला तर वाटलं दवाखान्यात आलो."

"मग बरंच झालं की. त्याच्या स्वभावाला जमेल."

"जमलं खरं," ते म्हणाले. "पण माणसाचं डोकं हातात धरायचं आन त्याला काहीच विचारायचं न्हाई, हे कसं?"

बापलेकात यावरून फोनवर कुरबुर चालायची. संतोष म्हणायचा, अप्पा, लोकांना शांतता हवी असते. नाना म्हणायचे, शांतता त्यांना घरी हाय की.

मग लॉकडाऊन आला. आमची गल्ली एका दिवसात बंद झाली. नंतर हळूहळू ज्याला जे सुचेल ते तो करू लागला. समोरचा शिंपी मास्क शिवायला बसला. पाणीपुरीवाला हातगाड्यावर कांदे विकू लागला. बँडमधला क्लॅरिनेटवाला टोपलीत मेथी घेऊन दारोदार फिरायचा, आणि भाजी विकायला आवाज द्यायची लाज वाटायची म्हणून नुसताच दारात उभा राहायचा. माझ्याकडे वह्या घेणाऱ्या शाळेतल्या मास्तरांना नदीच्या पुलावर नाक्याची ड्युटी लागली. जिल्ह्यात येणाऱ्या गाड्या अडवायच्या. मी शटर अर्धं उघडून बसायचो, पण शाळाच बंद, तर वह्या कोण घेणार? सगळ्यांत शेवटपर्यंत बंद राहिलं ते मात्र न्हाव्यांचं दुकान. कांदा लांबून देता येतो, दाढी लांबून करता येत नाही.

संतोष पुण्याहून एका भाजीच्या टेम्पोत बसून आला. गेवराईच्या खोलीत न येता तो उमापूरला गेला, आणि बाहेरून आलेल्या सगळ्यांना ठेवत होते तसं गावाबाहेरच्या शाळेत त्याला ठेवलं. कारखान्यावरून परतलेली ऊसतोडीची माणसंही तिथंच होती. नाना आणि त्यांची बायको कौसाबाई दोघंही उमापूरला जाऊन राहिले. कौसाबाई डबा करायच्या, नाना तो शाळेच्या फाटकाशी ठेवायचे, आणि मग रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली पथारी टाकून दिवसभर बसायचे.

मी एकदा मोटारसायकलवर त्यांना भेटायला गेलो. बघतो तर शाळेच्या पटांगणात एका ऊसतोड्याला विटांवर बसवलेलं, त्याच्या मागं संतोष कात्री-फणी घेऊन उभा, आणि रस्त्याच्या अलीकडून नाना ओरडतायत.

"मागून घे, मागून! कानाच्या वर थांब. तो डाव्या अंगाला भोवरा हाय त्याच्या, दाबू नको."

संतोष पुण्यातल्या बड्या लोकांचे केस कापून आलेला मुलगा. तो एकदाही म्हणाला नाही की अप्पा, मला येतं. मान हलवायचा आणि बाप सांगेल तसं करायचा. त्या शाळेतल्या सगळ्या माणसांचे केस त्यानं तसे कापले, बापाच्या आरोळ्यांवर. शेवटी नाना मला म्हणाले, "पोराचा हात लई चांगला हाय, भाऊ. त्याला सांगू नका."

पहिलं वर्ष असं निभावलं. दुकानं उघडली, पुन्हा बंद झाली. संतोषचं पुण्यातलं सलून कायमचंच बंद पडलं, म्हणून तो इथंच राहिला. बापलेक दोन खुर्च्यांवर काम करू लागले. मी भिंतीला कान लावला की एका खुर्चीवरून बडबड आणि दुसरीकडून नुसती कात्री ऐकू यायची. मला ते बरं वाटायचं.

दुसरी लाट आली तेव्हा मात्र बोलणंच संपलं. दुकान बंद. आणि त्याच वेळी नानांना नदीवरून बोलावणं येऊ लागलं. गोदेच्या घाटावर दहाव्याला डोकी करणारा जो म्हातारा कारागीर होता तो भीतीनं लेकीकडं निघून गेला होता. घाटावर विधी सांगणाऱ्या गुरुजींनी नानांना निरोप धाडला. कौसाबाई नको म्हणत होत्या.

नाना म्हणाले, "लोकं तोंडाला फडकं बांधून उघड्यावर बसतेत. मीबी बांधीन. पण डोकं करायलाच कोणी न्हाई म्हणून मयताचं दहावं राहिलं, असं व्हायला नको."

ते सायकलवर जायचे. त्या दिवसांत घाटावर जे त्यांनी पाहिलं ते त्यांनी मला फारसं सांगितलं नाही. एकच सांगितलं. एरवी दहाव्याला पन्नास माणसं यायची, पिंड झाले की सगळी एका पंगतीला बसायची. आता एकेकटा माणूस यायचा. विधी झाला की डबा उघडून बसायचा आणि त्याच्यानं खाववायचं नाही. एक तरुण मुलगा आईबाप दोघांचं करायला एकटाच आला होता. घरातली बाकीची माणसं अंथरुणाला. त्याचं डोकं करून झाल्यावर नाना निघाले, सायकलला टांग मारली, आणि परत उतरले. त्याच्याजवळ जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून कौसाबाई जास्तीच्या भाकरी थापू लागल्या. नाना पिशवीत वस्तऱ्याच्या डब्याशेजारी फडक्यात भाकरी, ठेचा, कधी पिठलं घेऊन जायचे. जो एकटा आलेला असेल त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसून जेवायचे. "त्या दिवशी माणसानं एकट्यानं जेवू नये," एवढंच म्हणायचे. आणि घरी आले की अंघोळ करून माझ्या बंद शटरच्या पायरीवर येऊन गप्प बसायचे.

त्याच सुमारास संतोषला काम मिळालं. गावाबाहेरच्या एका वसतिगृहाच्या इमारतीत आजाऱ्यांसाठी सेंटर उघडलं होतं. तिथं माणसं कमी पडत होती. संतोष वॉर्डबॉय म्हणून लागला. चादरी बदलायच्या, पाणी द्यायचं, सिलिंडर ढकलायचे. थोड्याच दिवसांत डॉक्टरांना कळलं की हा न्हावी आहे. दाढी वाढलेल्या माणसाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क नीट बसत नाही, कडेनं हवा जाते. मग संतोष तो पांढरा प्लॅस्टिकचा पोशाख घालून, दुहेरी हातमोजे चढवून आजाऱ्यांच्या दाढ्या करू लागला.

हे कळलं तेव्हा नाना माझ्यासमोरच होते. संतोष रस्त्याच्या पलीकडं उभा राहून सांगत होता. तो घरात येत नव्हता, सेंटरवरच राहायचा. मला वाटलं नाना आता त्याला ओरडतील, नोकरी सोड म्हणतील. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "धाप लागलेल्या माणसाच्या गळ्याला एकदम हात लावू नको. आधी सांगायचं, आता गळ्याची करतो म्हणून. घाबरतंय माणूस."

"हां अप्पा."

"आन ते मोजे घालून धार कळती का?"

"कळती."

"जेव वेळेवर."

संतोष गेला. नाना त्या दिवशी पायरीवर उशिरापर्यंत बसले होते. उठताना म्हणाले, "नको म्हणायला तोंड उघडलं होतं मी. मग वाटलं, मी घाटावर जातो आन त्याला कसा नको म्हणू?"

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हा संतोषला ताप आला. ज्या सेंटरमध्ये तो दाढ्या करायचा तिथंच त्याला कॉट मिळाली. दोन दिवस फोनवर बोलला. मग बीडला हलवलं. नाना आणि कौसाबाई दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली बसून होते. मी फोन केला की नाना म्हणायचे, "आत हाय. चांगलं हाय म्हणतेत." एके दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. ते म्हणाले, "भाऊ, संतोष राहिला न्हाई." आणि मग मी काही बोलेन म्हणून ते थांबून राहिले. त्यांनीच फोन ठेवला.

मयत घरी आणू देत नव्हते. स्मशानात दोघांना लांब उभं केलं होतं. कौसाबाईंनी मला नंतर सांगितलं, "चेहरा दाखवला, पण दाढी वाढलेली होती. त्यांना तेवढंच लागून राहिलंय."

दहाव्याच्या आदल्या दिवशी नाना माझ्या दारात आले. म्हणाले, "उद्या घाटावर येता का? काम हाय."

मी गाडीवर त्यांना मागं बसवून घेऊन गेलो. माझ्या बायकोनं डबा बांधून दिला होता. घाटावर त्या दिवशी आणखी दोन-तीन घरची माणसं होती, लांब लांब बसलेली. नदीत वाळू उपसून केलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, मधलं पात्र कोरडं. गुरुजींनी तयारी केली. नानांनी पिशवीतून नवं ब्लेड काढलं, वस्तऱ्यात घातलं, वस्तरा माझ्यापुढं धरला आणि माझ्याकडं पाठ करून पायरीवर बसले.

"करा, भाऊ."

गुरुजींनी हात वर केला. "लिंबाजी, तुला सांगायची गरज न्हाई. लहान्याच्या मागं थोरल्यानं डोकं करायचं नसतं. बापानं तर न्हाईच."

"ह्या पायरीवर तुमी सांगायचे आन मी करायचो, गुरुजी. नियम मला ठाऊक हाय." नाना मागं वळले नाहीत. "पण संतोषला ना भाऊ, ना लेकरू. एवढ्या लोकांची डोकी केली मी इथं. माझ्या पोराच्या मागं एकबी डोकं झालं न्हाई, असं नको व्हायला."

"नाना, मला येत नाही हो," मी म्हणालो. "गावातून कोणाला तरी..."

"तिघांना विचारलं. उमापूरचा चुलतभाऊ अंथरुणाला हाय. दुसरा भितो. तिसरा म्हणतो, शास्त्रात बसत न्हाई. आपलं आपल्याला करता येत न्हाई, न्हाईतर तुम्हाला तरास दिला नसता."

गुरुजींनी तोंड नदीकडं वळवलं आणि हातातली दर्भाची काडी उगाच नीट करत राहिले.

मी तांब्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. ते दाट रुपेरी केस पाण्यानं कपाळाला चिकटले. शेवटचे संतोषनं कापलेले होते. मागची कडा अजून सरळ दिसत होती. नाना खाली मान घालून सांगत होते, "दाबू नका. पुढून मागं या. कातडी ताणून धरा डाव्या हातानं." मी त्यांचं डोकं धरलं. इतकी वर्षं ह्या माणसानं माझी मान पुढं-मागं केली होती, आणि त्यांचं डोकं एवढंसं असेल हे मला तोवर ठाऊक नव्हतं. दोन ठिकाणी कापलं. रक्त कानामागून खाली आलं. मी थांबलो.

"असू द्या," ते म्हणाले. "चालू द्या."

अर्ध्यावर आलो तेव्हा त्यांचे खांदे हलू लागले. आवाज नव्हता. मी वस्तरा उचलून धरला आणि थांबलो. त्यांनी हातानंच खूण केली, करा म्हणून. रडणाऱ्या माणसाचं डोकं कसं करायचं ते मला माहीत नव्हतं. ते थोडे शांत झाले की मी एक पट्टा ओढायचो, मग पुन्हा थांबायचो. असं करत करत झालं.

विधी झाल्यावर मी डबा उघडला आणि त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी बराच वेळ घास हातात धरून ठेवला. मग खाल्ला. म्हणाले, "वहिनींना सांगा, मीठ बरोबर पडलंय."

पुढं दुकानं उघडली. नानांनीही शटर वर केलं. डोक्यावर पांढरे खुंट आले होते. पण भिंतीपलीकडं आता आवाज नव्हता. लहान मुलांचे केस ते कापायचे. मोठ्यांना सांगायचे, आज बरं वाटत न्हाई. मी एक-दोनदा विचारलं तेव्हा म्हणाले, "दाढीला हात जात न्हाई, भाऊ. साबण लावला की पुढं काही होत न्हाई."

एके दिवशी एक माणूस आला. वाळूच्या हायवा डंपरवर ड्रायव्हर होता. दाढी चांगलीच वाढलेली. मी माझ्या दुकानातून ऐकत होतो, मग राहवलं नाही म्हणून दारात जाऊन उभा राहिलो.

"नाना, माझी शेवटची दाढी तुमच्या पोरानं केलती. त्या सेंटरात," तो म्हणाला. "मग मीच म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून न्हाई करायची. बापाकडं जाऊन करू."

नाना जवळ येऊन त्याच्या दाढीकडं बघू लागले.

"लई बोलका पोरगा तुमचा. माझा दम टिकत न्हवता, डोळे मिटायलो होतो, तर ह्यो बोलूनच झोपू देईना. ते दोन पुढारी अर्ध्या दाढीवर बसवलते तुमी, ती गोष्ट सांगितली त्यानं. मास्कच्या आत मला हसू आलं. बाजूच्या कॉटवरचा म्हातारा बी हसायला लागला."

"माझा संतोष?" नानांनी विचारलं. "तो बोलत न्हाई."

"आमच्यात तर सारखा बोलायचा. कोणाच्या शेतात काय लागवड हाय, कोणाची म्हैस व्यायली, सगळं विचारायचा. गळ्याला हात लावायच्या आधी म्हणायचा, मामा, आता गळ्याची करतो हां."

नाना बाकड्यावर बसले. "आणखी काय म्हणायचा?"

त्या माणसानं आठवेल तेवढं सांगितलं. नानांनी ती पुढाऱ्यांची गोष्ट पुन्हा सांगायला लावली, संतोषनं जशी सांगितली तशी. तो सांगत गेला. गोष्टीत थोडे बदल होते. संतोषच्या गोष्टीत आबासाहेबांच्या आधी अण्णांचा गाल झाला होता. नाना मान हलवत ऐकत होते. मग उठले, त्याला खुर्चीवर बसवलं, कात्रीनं दाढी आखूड केली, ब्रश भिजवला, साबण लावला. वस्तरा उघडला. आणि तो हातात तसाच धरून उभे राहिले. साबण वाळायला लागला, गालावर भेगा पडल्या. ड्रायव्हरनं आरशात त्यांच्याकडं पाहिलं, कापडाच्या टोकानं आपलं तोंड पुसलं आणि उठला.

"राहू द्या, नाना. मी येतो पुन्यांदा."

त्या महिन्यातच त्यांनी दुकान सोडलं. खुर्च्या तिथंच ठेवल्या. पट्टा आणि कात्र्या पिशवीत घालून ते आणि कौसाबाई उमापूरला गेले. त्या जागेत आता मोबाईल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो.

त्यानंतर एकदाच मी त्यांना पाहिलं. दिवाळी होऊन गेली होती. शाळा सुरू झाल्या होत्या आणि उमापूरच्या शाळेची वह्यांची ऑर्डर घेऊन मी टेम्पोनं गेलो होतो. गावाच्या तोंडाशी ऊसतोडीला जाणारा ट्रक भरत होता. भांडी, पत्रे, बाजा, शेळ्या, लेकरं. त्या गर्दीत वर चढवलेल्या एका पोत्यावर कौसाबाई बसलेल्या दिसल्या. मी टेम्पो थांबवला. खाली नाना उभे होते, पिशवी खांद्याला. डोक्यावर केस पुन्हा आले होते, पण वेडेवाकडे. कोणी कापलेले दिसत नव्हते.

"कुठं निघालात, नाना?"

"कारखान्यावर. ह्यांच्यासंगं, लांबच्या तांड्यांवरची माणसं हायत. चार-पाच महिने उसाच्या फडावर राहतेत, तिथं केस कापायला कोणी नसतंय. मुकादमाला विचारलं, तो म्हणाला चला."

"ह्या वयात कशाला जाता? थंडीत, पाचटाच्या कोपीत राहायचं."

त्यांनी ट्रककडं पाहिलं. "इथं जो येतो तो संतोषचं बोलतो, भाऊ. चांगलंच बोलतेत सगळे. पण मग माझ्याच्यानं काम होत न्हाई. तिथं कोणाला काही ठाऊक न्हाई. नुसती डोकी हायत."

"आणि वहिनी?"

वरून कौसाबाईच म्हणाल्या, "मी एकटी घरात बसून काय करू? तिथं बाया पहाटं तोडीला गेल्या की लेकरं कोपीवर एकटीच असतेत. त्यांना भाकरी करून घालीन."

मुकादमानं हाक मारली. माणसं भराभर चढू लागली. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग चाकावर पाय देऊन वर चढले. दोघांनी त्यांना ओढून घेतलं. पुढच्या वर्षी ते परत आल्याचं मी ऐकलं नाही. कारखान्याच्या गावीच कुठंतरी राहिले म्हणतात.

त्या दिवशी ट्रक लगेच हलला नाही. एक तरुण ऊसतोड्या गालावरून हात फिरवत नानांना काहीतरी म्हणाला. त्याला घोंगडीच्या गठ्ठ्यावर बसवून नानांनी त्याच्या गळ्याला टॉवेल गुंडाळला, बाटलीतलं पाणी हातावर घेऊन त्याच्या तोंडाला लावलं, आणि साबण फासला. मी बघत उभा राहिलो. वस्तरा उघडला. मला वाटलं आता ते थांबतील. ते थांबले, त्याच्या हनुवटीखाली बोट धरून थोडे खाली वाकले, त्याला काहीतरी सांगितलं, आणि वरून खाली पहिला हात ओढला. तेवढ्यात ट्रक सुरू झाला. नाना एका हातानं फळी धरून दुसऱ्या हातानं त्याची दाढी करत होते. कौसाबाईंनी पिशवीतून आरसा काढला, पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला आणि ट्रकच्या धक्क्यांत तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी त्या पोरासमोर धरून बसल्या.